चौथा शॉकअप

ट्रकच्या शॉकअपवर छापलं होतं: उणे साठ अंशांपर्यंत चालतो. ज्यानं छापलं तो नक्की शर्टाच्या बाह्या दुमडून, खिडकी किलकिली ठेवून बसलेला असणार. उणे साठ लिहायला शाई लागते, बाकी काही लागत नाही. उणे साठात उभं राहायला माणूस लागतो, आणि तो माणूस होता गाव्रिल.

गाव्रिल एकतीस वर्षं गोठलेल्या नदीवरून ट्रक चालवत आला होता. एकतीस वर्षांत तीस वेळा त्यानं ऑक्टोबरात एकच काम केलं: चारही शॉकअप उतरवायचे, आतलं तेल ओतून द्यायचं आणि विमानतळावरच्या ओळखीच्या मेकॅनिककडून आणलेलं पाण्यासारखं पातळ तेल भरायचं. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पुस्तक लिहिणारे इकडे फिरकलेच कधी? पण नदीवरचे सगळे ड्रायव्हर तेच करत, कारण शॉकअपच्या आत असतं तेल आणि त्या तेलात दट्ट्या वरखाली होतो, एवढाच सगळा खेळ. उणे पन्नासाला साध्या तेलाची चरबी होते. दट्ट्या तिथल्या तिथे रुततो, शॉकअपची होते लोखंडी पहार, आणि चाकाला बसलेला दणका स्प्रिंगच्या पाट्यांना न विचारता थेट चासीवर, चासीवरून मालावर, मालावरून ड्रायव्हरच्या मणक्यावर.

यंदा मात्र ऑफिसनं नवे शॉकअप बसवले. सीलबंद. उघडायचे नाहीत, उघडले तर नोकरी गेली. डिसेंबरच्या पहिल्याच फेरीत चारही आखडले. गाव्रिल परत आला तेव्हा त्याच्या दाढा दुखत होत्या.

"विताली, तुझे शॉकअप गोठले," त्यानं ऑफिसात सांगितलं.

विताली त्याचा साहेब. वय छत्तीस, टेबलावर निवडुंगाची कुंडी. "गोठले कसे? उणे साठपर्यंत चालतात."

"बाहेर उणे चोपन्न होतं."

"मग? चोपन्न म्हणजे साठच्या आत. तुम्हीच हिशोब करा, गाव्रिल काका."

या माणसाशी काय बोलणार? गाव्रिलनं घरी जाऊन घोड्याच्या तबेल्यातला जुना नमदा काढला, बोटभर जाडीचा, लोकर दाबून केलेला. आपल्याकडे थंडीत कुठल्या गोष्टीला नमदा गुंडाळत नाहीत? बॅटरीला गुंडाळतात, डिझेलच्या टाकीला गुंडाळतात, अख्ख्या मोटारीला गोधडी शिवतात. ट्रक दोन दिवस डेपोच्या अंगणात मालाची वाट बघत उभा होता, नुसतं इंजिन धडधडत. त्या अंगणात, उघड्या बोटांनी दाभण धरत आणि पुन्हा पुन्हा बोटं तोंडात घालून ऊब देत, त्यानं शॉकअपना जाकिटं शिवली. मागच्या दोघांना आणि पुढच्या उजव्याला. पुढच्या डाव्याला नमदा पुरला नाही. तो तसाच उघडा राहिला.

मग माल आला. सहा फुटी लाकडी खोकं, आत खारा-अलासच्या दवाखान्यासाठी एक्स-रेचं यंत्र. त्या गावात आजपर्यंत हाड मोडलं की माणसाला स्लेजवर बांधून एकशे ऐंशी किलोमीटर शहरात आणायचे. वाटेत हाड सांधलं जाईल की माणूस आटपेल, ते त्याच्या नशिबावर. सहा वर्षं अर्ज चालले होते. रस्ता म्हणजे नदीचा बर्फ. तो मार्चअखेरीस वितळणार. त्याआधी यंत्र धड पोचलं तर पोचलं, नाहीतर पुढचा हिवाळा.

खोक्यावर एक चिकटपट्टी होती, तीत काचेची बारीक नळी. नळी पांढरी म्हणजे सगळं ठीक. जोराचा दणका बसला की ती लाल होते, आणि एकदा लाल झाली की परत पांढरी होत नाही.

"लाल दिसली तर गाववाले सही करणार नाहीत," विताली म्हणाला. "यंत्र परत. म्हणून हे घ्या." त्यानं पाकीट दिलं.

"काय आहे?"

"दुसरी पट्टी. पांढरी. सगळेच ठेवतात."

गाव्रिलनं पाकीट खिशात टाकलं. घ्यायला नको होतं. पण घेतलं, ते खरं आहे.

खोकं चढवायला ट्रक गरम गॅरेजात घेतला. तीन तास लागले. आत उणे नव्हतंच, चांगलं अधिक अठरा. चाकांवरचा बर्फ वितळून खाली डबकं झालं, चासीतून पाणी ठिबकायला लागलं. गाव्रिल खूष झाला. म्हणाला, चला, आता शॉकअपही मऊ झाले, वर तिघांना जाकिटं आहेत, ऊब आतच राहील. खारा-अलासपर्यंत लोण्यावरून जाऊ.

तो निघाला तेव्हा सूर्य जेमतेम वर आला होता आणि नदीवर धूर बसावा तसं धुकं होतं. काठावरून बर्फावर उतरायच्या आधी त्यानं ट्रक थांबवला, घरून आणलेल्या घावनाचा तुकडा मोडून रस्त्याला दिला, जसा तो एकतीस वर्षं देत होता, आणि म्हणाला, "हळू नेतो. तूही हळू घे."

आणि खरंच हळू नेलं. ताशी पंधरा. त्याच्या मागून एक मासळीचा ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, ट्रक पुढे काढला आणि काच खाली करून तो ओरडला, "आजोबा, वरात आहे का?"

"हो, तुझ्या आईची!" गाव्रिल ओरडला. पण वेग वाढवला नाही.

बाराव्या किलोमीटरला काठ पुन्हा चढून उतरायचा होता. तिथे चाकोरीत हातभर खोल खड्डा. ट्रक आत गेला, झुकला, कण्हला, वर आला. गाव्रिलनं लगेच थांबून मागे चढून पट्टी बघितली.

पांढरी.

मग त्यानं सगळे ड्रायव्हर करतात ते केलं: हातमोजा काढून शॉकअपना हात लावला. ही आमची जुनी रीत. काम करणारा शॉकअप तापतो, कारण आत तेल घासलं जातं. गार लागला तो मेला. पुढचा डावा, तो उघडा, कोमट लागला. बाकी तिघांच्या जाकिटात बोटं घातली तर बोटं चिकटतील की काय इतके गार.

गाव्रिल बर्फावर उकिडवा बसून राहिला. जाकीट घातलेले गार आणि उघडा गरम? हे म्हणजे कोट घातलेला माणूस कुडकुडतोय आणि नागडा घाम पुसतोय. पुन्हा हात लावला. तेच. त्याला वाटलं, नमदा कमी पडला. म्हणून त्यानं सीटखालची मेंढीच्या कातड्याची बंडी काढली, तिचे सुरीनं दोन तुकडे केले आणि मागच्या दोन शॉकअपवर आणखी गुंडाळून तारेनं आवळले. बंडी त्याच्या बायकोनं शिवलेली होती. परत गेल्यावर काय सांगायचं हा वेगळा घोळ.

पुढे नदी सपाट होती. ताटासारखी. वाऱ्यानं बर्फ झाडून काच केली होती, नुसत्या बारीक भेगा, बोट जाईल एवढ्या. इथे त्यानं जरा श्वास सोडला, वेग पस्तीसवर नेला. ट्रक टकटक, टकटक करत चालला. त्याला ते वाईट वाटलं नाही. खड्डा नाही, उतार नाही, मग भीती कसली? पंचवीस किलोमीटर असं गेल्यावर चहा ओतायला थांबला आणि सहज म्हणून मागे चढला.

लाल.

त्यानं डोळे चोळले. मोज्यानं पट्टी पुसली. लाल. खड्ड्यात पांढरी आणि ताटात लाल! त्यानं खोक्याचे पट्टे ओढून बघितले, घट्ट. आजूबाजूला बघितलं, जणू कुणीतरी चढून हातोडा मारून गेलं असावं. नजर पोचेल तिथवर माणूस नव्हता. गाव्रिल नदीच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "अगं, मी तुला घावन दिलं होतं!"

उरलेली वाट त्यानं पाकिटाशी भांडत काढली. पाकीट छातीच्या खिशात होतं आणि ते एकसारखं तिथेच होतं.

*

खारा-अलासचा दवाखाना म्हणजे चार खोल्या आणि एक भट्टी. तिथे डॉक्टर नाही. कुन्नेय नावाची परिचारिका आहे, बत्तीस वर्षांची, आणि दाढ काढण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं तीच. भट्टी बघते मार्पा, पासष्टीची, तोंडाळ. दुपारी तीनला गावातले आठ जण मिळून खोकं आत घेऊन आले, आणि ते खाली ठेवायच्या आत मार्पानं विचारलं, "ही लाल रेघ कसली?"

सगळे थांबले. खरं तर गाव्रिल वाटेत ठरवून आला होता की गावाबाहेर थांबून पट्टी बदलायची. थांबलाही होता. पाकीट उघडून पट्टी हातात घेतली होती. मग बोटांना काय झालं कुणास ठाऊक, हलेनात. थंडीनं असेल.

"दणका बसलाय," तो म्हणाला. "कुठे बसला मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे?" कुन्नेय म्हणाली. "काका, तुम्हीच चालवत होतात ना?"

"मीच."

"झोप लागली होती?"

"अगं पोरी, ताशी पंधरानं कुणाला झोप लागते! खड्ड्यातून काढला तेव्हा पांढरी होती. सपाटीवर लाल झाली. आता तूच सांग."

"मी काय सांगू? मी सुया टोचते."

त्यानं पाकीट काढून तिच्या टेबलावर ठेवलं. "हे साहेबानं दिलंय. पांढरी पट्टी आहे आत. मी लावली नाही. लावणार होतो."

कुन्नेयनं पाकिटात डोकावून बघितलं, मग त्याच्याकडे. शिवी देईल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "आधी चहा घ्या. ओठ निळे झालेत."

खोकं उघडता येत नव्हतं. इतक्या थंडीतून आलेलं यंत्र गरम खोलीत लगेच उघडलं तर त्याच्या पोटात दव सुटतं आणि तारा जळतात, म्हणून सोबतच्या कागदावर ठसठशीत लिहिलं होतं: बंद खोक्यात एक दिवस ठेवा, काटा अधिक दहाच्या वर गेल्याशिवाय उघडू नका. खोक्याला एका बाजूला काटा होता, आतली थंडी दाखवणारा. तो उणे चव्वेचाळीसवर होता. म्हणजे यंत्र मोडलं की नाही हे कळायला उद्याची संध्याकाळ, आणि सही त्याआधी करायची होती, कारण विमा कंपनीची मुदत उद्या दुपारी बारापर्यंत. असली मुदत कोण ठरवतं? निवडुंगवालेच ठरवतात.

कुन्नेयनं विम्याचा कागद वाचून सांगितलं. तीन वाटा होत्या. पांढरी पट्टी दाखवून सही केली आणि यंत्र मोडलेलं निघालं, तर गाव मेलं. मोडकं यंत्र त्यांच्याच गळ्यात. लाल दाखवून सही नाकारली, तर यंत्र परत आणि पुढचा हिवाळा. तिसरी वाट म्हणजे वाहतूकदारानं लेखी द्यायचं की वाटेत गाडीच्या दोषानं दणका बसला, अमुक ठिकाणी, अमुक कारणानं. मग यंत्र इथेच राहणार, आणि मोडलेलं निघालं तर नवं याच हिवाळ्यात यायला हवं.

"मग लिहितो की," गाव्रिल म्हणाला.

"कारण लिहावं लागेल. काय लिहाल?"

गाव्रिलकडे लिहायला कारणच नव्हतं.

रात्री तो दवाखान्यातल्या रिकाम्या खाटेवर झोपला. झोपला म्हणजे काय, खड्डा आणि ताट, ताट आणि खड्डा.

सकाळी मार्पा पिण्यासाठी बर्फाच्या लाद्या घेऊन आत आली आणि खोक्याजवळ थांबली. भट्टी लाल झाली होती, खोलीत अधिक सव्वीस, कुन्नेय अर्ध्या बाह्यांत. मार्पानं काटा बघितला.

"गाव्रिल, हा मेलेला काटा आणलास का? अजून उणे बारा दाखवतोय."

"सोळा तास झाले!" कुन्नेय धावत आली. "इथे घाम फुटतोय आणि आत उणे बारा? काटा बिघडलाय."

"काटा कशाला बिघडेल," मार्पा म्हणाली. "खोक्यात चारी बाजूंनी जाड फोम आहे. गारठा आत कोंडलाय. तू नाही का उन्हाळ्यात लाद्या तळघरात नमद्याखाली ठेवत? जुलैपर्यंत बर्फ तसाच राहतो. नमद्याला काय कळतं आत कोण आहे? ऊब असली तर ऊब धरतो, गारठा असला तर गारठा."

गाव्रिल खाटेवरून उठला. एक पाय बुटात, एक बाहेर.

"काय म्हणालीस?"

"बहिरा आहेस का? नमद्याला काय कळतं म्हणाले."

तो तसाच, एका बुटावर, मटकन खाली बसला. दोन दिवस अंगणात शॉकअप हाडापर्यंत गोठले, आणि त्यानं त्यांना गोठलेल्याच अवस्थेत जाकिटं घातली. मग गॅरेजात तीन तास ऊब मिळाली, पण जाकिटातून आत शिरणार कशी? उघडा तेवढा वितळला. बाकी तिघे तळघरातल्या लाद्यांसारखे गार ते गारच. वर ताशी पंधरानं चालवलं, म्हणजे घासून तापायचीही सोय ठेवली नाही. आणि त्यावर मेंढीचं कातडं!

"मूर्ख!" तो ओरडला.

"कोण?" मार्पानं लादी खाली ठेवली.

"मी. शॉकअप नव्हतेच, पहारी होत्या. खड्ड्यात चाक सावकाश गेलं, सावकाश आलं, काही झालं नाही. पण सपाटीवर पस्तीसनं... प्रत्येक भेग हातोड्यासारखी लागली असणार. टकटक, टकटक. आवाज ऐकत होतो की मी! मला वाटलं चाललंय छान."

"एकतीस वर्षं चालवतोस आणि आज कळलं?" मार्पा म्हणाली.

"एकतीस वर्षं तेल बदलत होतो. जाकीट पहिल्यांदा शिवलं."

"शिवण तुला येत नाही हे तुझ्या बायकोनं मला कधीच सांगितलंय."

कुन्नेयनं कागद पुढे केला. त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं: चाळीसाव्या किलोमीटरच्या आत, सपाट बर्फावर, पुढचा उजवा आणि मागचे दोन शॉकअप गोठलेले. कारण: ऑफिसनं बसवलेले शॉकअप उणे चोपन्नात चालत नाहीत, हे मी आधी सांगितलं होतं, आणि मी त्यांना गोठल्यावर नमदा गुंडाळला. दोन्ही लिहिलं. पहिलं लिहून दुसरं गाळलं असतं तर चाललं असतं, कुन्नेय तसं म्हणालीही. त्यानं नकारार्थी मान हलवली. सही करून कागदाचा फोटो पाठवला तेव्हा साडेअकरा वाजले होते. पावणेबाराला दवाखान्याचा फोन वाजला.

"काका, हे काय लिहिलंत?" वितालीचा आवाज चिरकला होता. "पाकीट दिलं होतं ना मी?"

"दिलं होतंस."

"शॉकअपला हात लावायचा नाही असा नियम आहे!"

"उघडायचे नाहीत असा आहे. मी उघडले नाहीत. उलट झाकले."

"चेष्टा करताय? ट्रक आणून उभा करा आणि किल्ली टेबलावर ठेवा."

"ठेवतो. निवडुंगाशेजारी ठेवू की कुंडीत?"

फोन कट झाला. गाव्रिलला वाटलं होतं, वाईट वाटेल. मग वाटलं, बरं वाटेल. यातलं काहीच नीट वाटेना. तो मार्पाबरोबर लाद्या फोडायला बसला.

संध्याकाळी सहाला काटा अधिक अकरावर आला. कुन्नेयनं खोकं उघडलं, तारा जोडल्या, पुस्तकातलं पान चार वेळा वाचलं, कळ दाबली. यंत्रानं घरघर केली आणि हिरवा दिवा लागला. दिव्याचं काय, तो पेटतोच. चित्र उमटायला हवं होतं.

"कुणाचं काढू?" ती म्हणाली. "मार्पाताई?"

"माझे आतले सांगाडे बाहेर काढू नको."

"काका, हात ठेवा. उजवा. हलू नका."

त्यानं पंजा पाटीवर ठेवला. टक्क झालं. पडद्यावर आधी काहीच नाही, मग करड्यातून हळूहळू पांढरी हाडं वर आली, पाच बोटं, मनगटाचे खडे, सगळं स्वच्छ, कडा सुईसारख्या. कुन्नेयनं तोंडावर हात ठेवला. मार्पा म्हणाली, "म्हणजे धडधाकट! मग याची नोकरी उगाच गेली की!"

"उगाच कशी," कुन्नेय म्हणाली. ती पडद्याच्या जवळ गेली. "काका, हा अंगठा कधी मोडला होता?"

"कुठला?"

"हाच. बघा ना इथे. मोडून तिरका जुळलाय. जुनं आहे."

"माझा अंगठा कधीच मोडला नाही."

"मोडलाय. थंडीनं हात बधिर असताना मोडला असेल, कळलं नसेल."

"अगं, मोडला असता तर मला कळलं नसतं?" गाव्रिलनं अंगठा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. दुखत नव्हता. त्यानं आठवून बघितलं: स्टिअरिंग, जॅक, चाकाचा पाना, गोठलेले नट, एकतीस हिवाळे. कशातच सापडेना. "तुझं यंत्रच बिघडलंय," तो म्हणाला.

"डावा ठेवा मग. बघूच."

त्यानं डावा हात पाटीवर ठेवला आणि पडद्याकडे बघत श्वास रोखून उभा राहिला.